कराटे: क्लासव्यतिरिक्त घरी रोज सराव कोण कोण करतं?

गच्चीवरची

बरेच दिवस हा धागा काढायचा होता. मी चौथ्या क्यूला आहे (ब्लॅक बेल्टच्या आधीच्या पायऱ्यांना क्यू म्हणतात), शैली शोतोकान. वय ४४. मुलाला क्लासला सोडायला जायचे, बाहेर बाकावर बसायचे, एक दिवस सरांनी "तुम्हीही या की आत" म्हटलं आणि गेले. मुलगा हिरव्या बेल्टला थांबला, त्याला आता फुटबॉल खेळायचा आहे. मी राहिले.

गेल्या जूनमध्ये परीक्षेची तयारी चालू असताना सरांनी माझा काता (ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचाली) मध्येच थांबवला आणि म्हणाले, "ताई, पुढची परीक्षा सोडा. वर्षभर घरी रोज फक्त हेआन शोदान करा. दहा वेळा." हेआन शोदान म्हणजे आम्ही पांढऱ्या बेल्टवर शिकतो तो पहिला काता. त्या दिवशी घरी येताना डोळ्यांत पाणी आलं होतं. तीन वर्षं घातल्यावर परत पहिलीच्या वर्गात बसवल्यासारखं वाटलं.

पण केलं. सकाळी पावणेसहाला, गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या बाजूला. एक काता चाळीसेक सेकंदांचा. दहा वेळा करून, मधे श्वास घेऊन, आधी अंग मोकळं करून, सगळं मिळून वीस मिनिटं.

पहिला महिना उत्साहात गेला. दुसऱ्या महिन्यात मात्र इतका कंटाळा यायचा, की सहाव्या-सातव्या वेळेला हात-पाय आपोआप चालायचे आणि डोक्यात डब्याची भाजी असायची. तिसऱ्या महिन्यात कधीतरी एक गोष्ट दिसली. तिसऱ्या आगे उकेला (वरचा बचाव) किआई, म्हणजे ओरडा, देऊन २७० अंशांत वळायचं असतं ना, तिथे माझी मागची टाच दर वेळी जमिनीवरून सुटत होती. दर वेळी! तीन वर्षं सुटत असणार. सर सांगायचे, मी "ओस" म्हणायचे, पण मला स्वतःला ते कधी जाणवलंच नव्हतं. टाच टेकवायला लागले तर तोलच जाईना. मग लक्षात आलं, की मी आधी खांदे फिरवते आणि कंबर मागून फरफटत येते. ती कंबर आधी फिरायला अजून चार महिने लागले.

मग एकातून एक निघत गेलं. मागे ओढायचा हात कमरेला न पोचता बरगडीपाशी रेंगाळतो. ओई झुकी (पुढे जात मारायचा ठोसा) मारताना पाऊल टाकायच्या आधी डोकं वर उचललं जातं. मी श्वास धरून ठेवते. एकवीस हालचाली आहेत फक्त, आणि अकरा महिन्यांनंतरही रोज काहीतरी सापडतं.

तर विचारायचं होतं: तुमच्यापैकी कोण घरी रोज करतं? काय करता, किती वेळ? आणि कंटाळ्याच्या महिन्यांत कसे टिकलात?

(सिमेंटच्या गच्चीवर अनवाणी वळून चवड्याची कातडी सोलते. त्यावर कुणाकडे उपाय असेल तर तोही सांगा.)

शेवटची_लोकल

ताई, वाचून बरं वाटलं. मी अंबरनाथहून रोज ये-जा करतो, घरी पोचायला साडेनऊ. क्लास फक्त शनिवार-रविवार. पाच दिवस काहीच होत नाही आणि शनिवारी अर्धा वेळ मागच्या रविवारचं आठवण्यात जातो. रोज वीस मिनिटं मला खरंच शक्य नाही. दहा मिनिटांनी काही फरक पडतो का? की नुसतंच मनाचं समाधान?

परतीचा_पाऊस

@शेवटची_लोकल, पडतो. माझी हकीकत सांगतो, म्हणजे न करण्याने काय होतं तेही कळेल.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी ब्लॅक बेल्ट मिळाला. मग नोकरी, बदल्या, लग्न. अठरा वर्षं एक ठोसा मारला नाही. पण ओळख करून देताना "मी ब्लॅक बेल्ट आहे" हे सांगत राहिलो. एक्केचाळिसाव्या वर्षी परत गेलो. मला वाटत होतं, शरीर विसरत नाही, सायकलसारखं असेल. पायांना पहिली दोन वळणं आठवली, तिसऱ्या वळणाला मी चक्क उभा राहिलो. पुढे काय, काही सुचेना. शेजारी दहा-अकरा वर्षांची मुलगी होती, ती पूर्ण करून वाट पाहत थांबली होती.

त्याच आठवड्यात जुन्या उंचीला किक मारायला गेलो आणि मांडीचा मागचा स्नायू ताणला. सहा आठवडे घरी. त्या सहा आठवड्यांत शहाणपण आलं. परत गेलो तेव्हा सरांना विचारून पांढरा बेल्ट बांधला.

शोतोकानचे जनक फुनाकोशी, त्यांच्या वीस सूत्रांत एक आहे: कराटे गरम पाण्यासारखं असतं, सतत आच दिली नाही तर परत गार पाणी होतं. कॉलेजात हे आम्ही पाठ म्हणायचो. माझं पाणी अठरा वर्षांत पार गार झालं होतं, आणि मी भांड्याला हात लावून पाहिलंही नव्हतं.

आता रोज पंधरा मिनिटं. कामावरून आल्यावर कपडे बदलायच्या आधी, कारण एकदा सोफ्यावर बसलो की संपलं. सात वर्षं झाली. ताप, प्रवास आणि वडील गेले तेव्हाचे दिवस सोडले तर खंड नाही. दहा मिनिटं असतील तर दहा करा दादा. आच बारीक असली तरी चालते.

ठायलय

मी कराटेतली नाही. कथक शिकते, लहानपणापासून. पण @गच्चीवरची यांचं टाचेचं वर्णन वाचून राहवलं नाही.

आमच्याकडे तत्कार असतो. ता थै थै तत, आ थै थै तत. पायांचे आठ ठोके, पहिल्या दिवशी शिकवतात आणि तो कधीच संपत नाही. माझ्या गुरुजी दुगुन-चौगुन करू द्यायच्या आधी कितीतरी महिने ठाय, म्हणजे मंद, लयीत ठेवायच्या. त्या म्हणायच्या, वेगात सगळ्यांचीच चूक लपते.

तुम्ही काता ठाय लयीत करून पाहिलाय का? म्हणजे चाळीस सेकंदांचा काता चार मिनिटांत? कंटाळ्यावर माझा तरी हाच उपाय आहे. मंद केलं की डब्याची भाजी डोक्यात यायला जागाच राहत नाही, पाय इतके थरथरतात.

नाहाकर

उत्तम धागा. मी कामानिमित्त तीन वर्षं जपानच्या ओकिनावा बेटावर, नाहा शहरात होतो. तिथे गोजू-र्‍यू (कराटेचीच एक शैली) शिकायला लागलो, आता पुण्यात चालू आहे. थोडं लांबण लागेल, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या बेटाच्या इतिहासात आहे असं मला वाटतं.

@गच्चीवरची, तुम्ही गच्चीवर जो काता करता तो मुळात शाळेतल्या मुलांसाठी घडवलेला आहे. इतोसू आंको नावाचे ओकिनावातल्या शुरीचे गुरू होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी ओकिनावाच्या शाळांमध्ये कराटे नेलं आणि त्यासाठी पिनान नावाचे पाच काता बसवले. फुनाकोशींनी पुढे त्यांचं नाव हेआन केलं. याच इतोसूंनी १९०८ मध्ये शिक्षण खात्यासाठी दहा कलमांचं पत्र लिहिलं. त्यात ते सांगतात की रोज एक-दोन तास मन लावून सराव केला तर तीन-चार वर्षांत माणसाची अंगकाठीच इतरांपेक्षा वेगळी होते. त्यांनी हिशोब वर्षांचा मांडलाय आणि त्याला 'रोज' ही अट घातली आहे, याकडे लक्ष द्या.

फुनाकोशी स्वतः दिवसा शाळामास्तर. रात्री चालत आपले गुरू आसातो यांच्या घरी जायचे आणि अंगणात काता करायचे. गुरू बसून पाहणार. तोच काता, महिनोन् महिने, पुढचा कधी मिळणार ते विचारायची सोय नाही. तीन नाइहानची कातांवर त्यांची सुमारे दहा वर्षं गेली. 'एक काता, तीन वर्षं' ही तिथली जुनी रीत. १९२२ मध्ये ते तोक्योला प्रात्यक्षिक द्यायला गेले तेव्हा पन्नाशी उलटली होती, आणि जपानच्या मुख्य बेटांवर कराटे रुजलं ते त्यानंतर. ज्यांना चाळिशीत सुरुवात केल्याचं ओझं वाटतं त्यांच्यासाठी सांगतो.

आमच्या गोजू-र्‍यूमध्ये सान्चिन नावाचा काता आहे. बाहेरून पाहिलं तर त्यात काहीच घडत नाही. तीन पावलं पुढे, वळा, श्वास, ठोसा. मी नाहात गेलो तेव्हा मला तो दहा मिनिटांत 'आला'. मग सेन्सेई मागे येऊन उभे राहिले आणि खांद्यांवर, पाठीवर, मांड्यांवर थापा मारत तपासायला लागले. जिथे स्नायू सैल होता तिथे बरोबर हात पडायचा. तीन वर्षं हे चाललं. नवा काता एकच मिळाला.

तिथले बरेच दोजो (सरावाच्या जागा) म्हणजे राहत्या घराचा तळमजला. लाकडी फरशी, भिंतीला दगडी वजनं, तोंडाला धरून उचलायचे मातीचे घडे. आमच्याकडे सत्तरी पार केलेले एक आजोबा यायचे. यायचे, वाकून नमस्कार, अर्धा तास सान्चिन, फरशी पुसायची, वाकून नमस्कार, घरी. मी एकदा विचारलं, किती वर्षं करताय? त्यांना आकडा आठवेना. बायकोला विचारून सांगतो म्हणाले.

कंटाळ्याबद्दल: जपानीत सरावाला 'केइको' म्हणतात. जुन्याचा विचार करणं, असा त्याचा अर्थ. मला तो शब्द फार उपयोगी पडला. आज नवीन काही मिळालं नाही असं वाटलं की मी तो आठवतो.

अस्थिबंध

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि स्वतः तपकिरी बेल्टपर्यंत केलंय. सगळे 'रोज करा' म्हणताहेत, मीही म्हणते. पण माझ्याकडे जे कराटेवाले येतात त्यांतले बरेच रोज करणारेच असतात, म्हणून हे लिहिणं गरजेचं आहे.

चुकीचं रोज केलं तर चूकच पक्की होते. झेनकुत्सु दाचीत, म्हणजे पुढचा गुडघा वाकवून उभं राहताना, तो गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत हवा. तो आत पडत असेल तर दिवसाला दहा काता म्हणजे गुडघ्यावर दिवसाला काहीशे वाकडे भार. वळताना पाय आधी फिरवायचा, गुडघा पिळायचा नाही. हवेत ठोसा मारताना कोपर पूर्ण ताठ होऊन खाटकन आपटू द्यायचं नाही, अगदी थोडं आधी थांबवायचं. समोर लक्ष्य नसताना तो झटका सांधाच सोसतो. आणि मुलांना माकिवारावर (ठोसे मारायच्या खांबावर) मुठी आपटायला लावू नका, त्यांची हाडं वाढीची असतात.

यावर उपाय दोन. आठवड्यातून एकदा तरी जाणत्या नजरेखाली करा, आणि महिन्यातून एकदा मोबाइलवर बाजूने चित्रण घ्या. आपल्याला वाटतं तसे आपण दिसत नाही.

@शेवटची_लोकल, तुमच्या दहा मिनिटांबद्दल: शनिवारी सलग एक तास जास्त करण्यापेक्षा तोच तास सहा दिवसांत वाटून केला तर शिकलेलं जास्त टिकतं. एबिंगहाउस या जर्मन माणसाने १८८५ मध्ये पाठांतरावर हे दाखवलं होतं, आणि हालचाली शिकण्याच्या बाबतीतही नंतर तेच दिसून आलंय. मधल्या झोपेतही मेंदू त्यावर काम करत असतो. तेव्हा 'दहा मिनिटं आणि पुरेशी झोप' हा मी तुम्हाला अगदी गंभीरपणे दिलेला सल्ला समजा.

आठवड्यात एक दिवस अंगाला विश्रांती. त्या दिवशी सावकाश चालून काता आठवा, जोर नको.

@गच्चीवरची, कातडीसाठी: ओल्या पायांनी करू नका, रात्री पायाला तेल किंवा व्हॅसलिन लावा, आणि लहान मुलांच्या खेळायच्या फोमच्या जोडचटया मिळतात त्यांतल्या सहा घ्या. पण वळायचा कोपरा येतो तिथे दोन चटयांचा जोड येऊ देऊ नका, पाय अडकतो.

पाटी_पेन्सिल

माझा मुलगा नऊ वर्षांचा. दोन वर्षांत पाच बेल्ट झाले. दर तीन महिन्यांनी परीक्षा, दर परीक्षेला वेगळी फी, बेल्ट-सर्टिफिकेटचे पैसे निराळे. नापास कुणीच झालेलं मी पाहिलं नाही. मागच्या महिन्यात दुसऱ्या क्लासला नेलं तर तिथल्या सरांनी त्याला उभं केलं, साधा गेदान बाराई (खालचा बचाव) करायला सांगितला, आणि प्रेमानेच म्हणाले, बाळा आपण सुरुवातीपासून करू. तेव्हापासून तो जायलाच तयार नाही. कपाटात पाच पट्टे टांगलेले आहेत, ते बघून मला वाईट वाटतं. त्याची चूक काय होती? सराव कर, सराव कर म्हणून मागे लागले तर रडारड. इथे सगळे मोठे, स्वतःहून करणारे आहेत. मुलांचं काय करायचं?

गच्चीवरची

@पाटी_पेन्सिल, त्याची चूक काहीच नव्हती. त्याला पाच पट्टे दिले, ते मिळवायचे कसे हे कुणी शिकवलंच नाही. तुम्हालाही फसवलं गेलंय.

पट्ट्यांबद्दल त्याला एक गोष्ट सांगा. दान ही श्रेणीची पद्धत मुळात ज्युदोची, कानो जिगोरोंनी सुरू केलेली. फुनाकोशींनी आपल्या शिष्यांना पहिले दान दिले ते १९२४ मध्ये. त्याआधी ओकिनावात कितीतरी पिढ्या लोक कराटे करत होते आणि रंगीत पट्टा कुणाच्याच कमरेला नव्हता. इतोसूंना, आसातोंना कुणी ब्लॅक बेल्ट दिला नाही. माझ्या मुलाला हे ऐकून खूप आश्चर्य वाटलं होतं.

आणि त्याला सराव कर म्हणू नका. तुम्ही करा. खरंच. बाराईपासून सुरू करा, तो पाहील. त्याला फक्त मोजायला सांगा: इची, नी, सान, शी, गो, रोकू, शिची, हाची, कू, जू. मोजणाऱ्याचा मान मोठा असतो, दोजोत मोजायला मिळावं म्हणून मुलं धडपडतात. पाच मिनिटं, त्याहून जास्त नाही. माझा मुलगा कराटे सोडून गेला याचं मला आता दुःख नाही, पण तो करत होता तेव्हा मी नुसती बाकावर बसून होते याचं मात्र आहे.

@ठायलय, आज ठाय लयीत केला. तीन मिनिटं वीस सेकंद. शेवटच्या चार शुतो उकेंपर्यंत (उघड्या हाताचे बचाव) मांड्या पेटल्या होत्या. आणि एक नवीन कळलं: ओई झुकीत मधे, दोन्ही पाय जवळ येतात त्या क्षणी, मी उजव्या पायावर स्थिर असते आणि डाव्यावर नाही. वेगात हे कधीच कळलं नसतं. तुमच्या गुरुजींना माझा नमस्कार सांगा.

@अस्थिबंध, उद्याच नवऱ्याला चित्रण करायला उठवते.

हिरवा_पट्टा

मोठ्या वयाचा विषय निघालाय म्हणून: तोक्यो ऑलिंपिकमध्ये, म्हणजे २०२१ मध्ये, महिलांच्या काताचं सुवर्ण स्पेनच्या सांद्रा सांचेझने घेतलं तेव्हा ती ३९ वर्षांची होती. पुरुषांचं कियुना र्‍योने घेतलं. ओकिनावाचा मुलगा, ओकिनावाचं ते पहिलं ऑलिंपिक सुवर्ण. पदक घेताना त्याच्या हातात आईचा फोटो होता. आई गेलेली. मी तो काता शंभरेक वेळा पाहिला असेन. त्याची पहिली हालचाल सुरू व्हायच्या आधीचं नुसतं उभं राहणं पाहा. पॅरिसला कराटे ठेवलं नाही याची खंत आहेच, पण उद्या सकाळी आमच्या क्लासच्या शेडमध्ये पंधरा जण असतीलच.

शेवटची_लोकल

तीन आठवडे झाले, कळवतो म्हटलं. जेवणाआधी स्वयंपाकघर आणि हॉलच्या मधल्या पट्टीत दहा मिनिटं. जागा इतकी कमी की दोन पावलं पुढे गेलो की दोन मागे सरकून पुढची हालचाल करतो. एकवीस दिवसांत चार चुकले. या शनिवारी पहिल्यांदाच सर पुढे जात असताना मला मागचं आठवावं लागलं नाही. बायको म्हणते, दहा मिनिटं उशिरा जेवतोस पण जेवताना चिडचिड नसते. ते मला स्वतःला जाणवलं नव्हतं.

परतीचा_पाऊस

@शेवटची_लोकल, चार चुकले ते मोजू नका. लागोपाठ दोन दिवस चुकू देऊ नका, एवढंच बघा.

गच्चीवरची

चित्रण पाहिलं. टाच टेकते आहे! पण डोकं अजून उचललं जातं, मला वाटलं होतं ते गेलं.

काल वर्ष पुरं झालं, सरांसमोर काता केला. ते काही बोलले नाहीत, दोन मिनिटं वहीत बघत होते. मग म्हणाले, "आता हाच उलट बाजूने करा." म्हणजे पहिला गेदान बाराई डावीकडे असतो तो उजवीकडे, आणि पुढचं सगळं आरशातल्यासारखं. चौथ्या हालचालीला मी अडकले. सातव्याला पूर्ण हरवले. जो डावा पाय स्थिर नाही म्हणत होते, आता सगळा भार त्याच्यावर येतोय.

परीक्षेचं विचारलं नाही, त्यांनीही काढलं नाही. उद्या पावणेसहाला उजवीकडून सुरू. पाऊस असला तर जिन्यासमोरच्या जागेत, तिथे वळणापर्यंत तरी मावतं.

पाटी_पेन्सिल

चार दिवस मी एकटीच हॉलमध्ये बाराई करत होते, तो कोचावर पाय वर घेऊन गोष्टीचं पुस्तक वाचत होता. काल मी स्वतःच मोजत होते आणि 'शिची' विसरले. पुस्तकातून मान वर न करता त्याने सांगितली. आज तो दारात उभा राहून मोजत होता. सहाला थांबला आणि म्हणाला, "आई, मागचा हात कमरेला गेला नाही, परत रोकू."